दगडाखालचं पान

भावोजींच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली.

पत्र म्हणजे एक पोस्टकार्ड, तेही पुरतं भरलेलं नव्हतं. अक्षरं मोठी, काही ओळीच्या वर गेलेली, काही खाली घसरलेली. 'ख' काढताना त्यांचा हात नेहमी अडायचा, तिथं शाईचा डाग पडला होता. त्यांनी आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं पत्र. हे मला ठाऊक होतं, कारण अक्षरं त्यांना मीच शिकवली होती.

'आम्ही बरे आहोत. ताईचा गुडघा दुखतो. तू पुस्तकं वाचतोस म्हणून विचारतो. त्या दिवशी दगड का उठला नाही? नंतर तो रोज बरोबर उठतो. मग त्याच दिवशी का नाही? मला ऊन हवं होतं म्हणून मी पान नीट सरकवलं नाही का? पुस्तकात काही असेल तर कळव.'

मला पुस्तक उघडायची गरज नव्हती.

हे सगळं घडलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. ग्रंथालयातली नोकरी छातीच्या दुखण्यानं सुटली होती आणि डॉक्टरांनी मोकळ्या, कोरड्या हवेत राहायला सांगितलं होतं. मोकळी, कोरडी हवा म्हणजे आमची वीटभट्टी, असं ताईनं ठरवून टाकलं. कपड्यांची पिशवी आणि नायलॉनच्या दोरीनं बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी तिच्या झोपडीत राहायला गेलो.

नदीकाठच्या सपाट रानात चार कुटुंबं विटा पाडत होती. ताई पायानं माती तुडवायची. भावोजी उकिडवे बसून साच्यात चिखल आपटायचे, फळीनं वरचा भाग निपटायचे, साचा उचलायचे आणि वीतभर मागे सरकायचे. ऊन चढेपर्यंत त्यांच्यापुढं ओल्या विटांची रांग लागलेली असायची आणि उठताना त्यांना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकावे लागायचे. मला सगळ्यांत सोपं काम दिलं होतं, अर्ध्या वाळलेल्या विटा हलक्या हातानं उभ्या करायच्या. पहिल्याच दिवशी मी वीसेक विटांचे कोपरे मोडले.

शेजारच्या रांगेत एक बाई एकटीच काम करायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिला सगळे ठसकी म्हणत, आणि बोलणं तसंच होतं. माझ्या बोटांचे फोड बघून ती ताईला म्हणाली, "कागदाला चिखलात कशाला घातलंस गं? विरघळेल ना."

त्या दिवसापासून मी 'कागद' झालो. कागदा, पाणी आण. कागदा, सावलीत बस. राग येण्यासारखं काही नव्हतं. मला तसाही राग येत नाही, फक्त कान गरम होतात.

कच्च्या विटेला पाऊस म्हणजे मरण. आणि झाकून ठेवली की ती वाळत नाही. त्यामुळे झाकायचं की उघडं ठेवायचं, हा रोज सकाळचा पहिला प्रश्न असे, आणि तो भावोजींना विचारला जाई. चाळिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. पण आभाळाचं काही निघालं की बोलायचा. मी वही काढली आणि त्यांनी सांगितलेल्या खुणा लिहायला लागलो. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढल्या. चुलीचा धूर वर न जाता जमिनीवर लोळला. पाकोळ्या डोक्याएवढ्या उंचीवरून उडाल्या. कोळ्यानं जाळं आखडून घेतलं. मडक्यातलं मीठ बोटाला चिकटलं. नदीपलीकडच्या पंपाचा आवाज अगदी शेजारी असल्यासारखा आला. मी प्रत्येक खुणेपुढं तारीख टाकायचो, आणि खरी ठरली की बरोबरची खूण, नाहीतर फुली.

"आणि यातली मोठी कुठली?" मी विचारलं.

त्यांनी मला अवजारांच्या छपरात नेलं. आढ्याला तागाची जुनी दोरी बांधलेली होती आणि तिच्या टोकाला नारळाएवढा गोल दगड. दगडाखाली पाटी ठेवलेली. दगड पाटीला जेमतेम टेकलेला. भावोजींनी खिशातून एक वाळलेलं पान काढलं आणि दगडाखाली सारलं. पान अडलं.

"हवेत ओल आली की दोरी आखडते," ते म्हणाले. "दगड उठतो. डोळ्याला दिसत नाही, पण पान आरपार जातं. पान गेलं की झाकायचं."

"आणि मुंग्या वेगळं सांगत असतील तर?"

"सगळ्यांचं ऐकायचं. शेवटचा शब्द याचा. मुंगीला पोट असतं, शेळीला आळस असतो, माणसाला कसली ना कसली इच्छा असते. दगडाला काही नको असतं." मग माझा हात पुढं झालेला पाहून म्हणाले, "दोरीला हात नाही लावायचा हं. घाम लागला की बिघडते. मी स्वतः कधी लावत नाही."

माझ्या वहीत पुढच्या दीड महिन्यात मुंग्यांपुढं फुल्या पडल्या, शेळ्यांपुढं पडल्या. दगडापुढं एकही पडली नाही.

संध्याकाळी काम संपल्यावर भावोजी माझ्याजवळ येऊन बसायचे. "तू लिहितोस ते मला वाचता आलं पाहिजे," असं त्यांनी एकदा लाजत म्हटलं होतं. पाटी एकच, ती दगडाखाली. म्हणून आम्ही ओल्या विटेवर खिळ्यानं अक्षरं काढायचो आणि चुकलं की पाण्याचा हात फिरवायचो. ताई हसायची. "एवढी मोठी पाटी राजाच्या पोरालासुद्धा नसेल," म्हणायची. 'ख'पाशी त्यांच्या विटा वाया जायच्या.

दोरी माझ्या हातून तुटली.

सगळे मातीच्या खाणीवर गेले होते. मी छपरात एकटाच होतो. दोरी नेमकी किती आखडते हे मोजावं, असं माझ्या डोक्यात आलं. पट्टी घेऊन वाकलो, पण दगड हलत होता म्हणून डाव्या हातानं जरा उचलून धरला, आणि तो निसटला. वीतभरच पडला असेल. दोरीला हिसका बसला आणि ती मध्यावरच तुटली. जुनी दोरी, आतून कुजलेली.

मी दारापाशी जाऊन बाहेर पाहिलं. कुणी नव्हतं. त्या क्षणी ताईला हाक मारली असती, तर भावोजी फार फार तर गप्प बसले असते आणि संध्याकाळपर्यंत दुसरी दोरी मिळवली असती. एवढंच होतं. पण हात लावू नको म्हणून सांगितलेलं होतं. आणि मोडलेल्या कोपऱ्यांनंतर, फोडांनंतर, त्या रानात माझी जी काय थोडी पत होती ती वहीमुळे होती. शिकलेला माणूस सांगितलेलं एवढंसुद्धा ऐकत नाही, हे ठसकीच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

गठ्ठ्याची नायलॉनची दोरी मी सोडली. ती पांढरी होती. तिला ओला चिखल चोळला, वरून चुलीची काजळी चोळली. बाकड्यावर चढून आढ्याला बांधली आणि दगड पाटीला नेमका टेकेल अशी गाठ मारली. तीनदा सोडून पुन्हा बांधली. मग पान घालून पाहिलं. अडलं. आठवड्याचा बाजार सहा दिवसांवर होता. बाजारातून तागाची दोरी आणायची आणि गुपचूप बदलायची, असं ठरवलं. सहा दिवसांत काय होतंय, असंही स्वतःला सांगितलं.

रात्री ताई म्हणाली, "गठ्ठा उघडाच पडलाय. दोरी कुठं गेली?"

"तुटली," मी म्हणालो. त्या दिवशी मी बोललेली ती एकच खरी गोष्ट, आणि तीही दुसऱ्याच दोरीबद्दल.

पाचव्या दिवशी सकाळी मुकादम आला. हंगामातली शेवटची भट्टी भरायची होती. दोरी तुटायच्या आदल्या आठवड्यात दगड दोनदा उठला होता, दोनदा विटा झाकल्या होत्या. एकदा जोराचा, एकदा भुरभुर, पण पाऊस आला होता. तरी वाळायचे दिवस गेले ते गेलेच.

"आज झाकाझाकी नको," मुकादम म्हणाला. "आज उभं ऊन मिळालं तर उद्या भट्टी रचता येईल. नाहीतर पुढच्या हंगामाला मी दुसरी माणसं बघतो. तुम्हाला चौघांनाही सांगून ठेवतो."

ऊन स्वच्छ होतं. पण चुलीचा धूर जमिनीवर पसरत होता. छपराच्या कुडावर मुंग्यांची काळी रेघ चढत होती, प्रत्येकीच्या तोंडात पांढरा ठिपका. नदीपलीकडचा पंप कानाशी बोलल्यासारखा वाजत होता. ताई उंबऱ्यात बसून गुडघा चोळत होती.

"अहो, आज ठणकतोय बघा," ती म्हणाली. "लक्षण बरं नाही."

"कालची माती जास्त तुडवलीस," भावोजी म्हणाले, पण त्यांचा आवाज खात्रीचा नव्हता. ते छपरात आले. मागोमाग मुकादम, ठसकी, बाकीचे. ठसकीच्या काखेत ताडपत्री होती.

भावोजी गुडघ्यांवर बसले आणि पान सारलं. पान अडलं. त्यांनी दुसऱ्या बाजूनं सारलं. अडलं.

"आज तर चांगलाच बसलाय," ते म्हणाले.

बसणारच. नायलॉनची दोरी वजनानं ताणली जाते. हे मी पुढं वाचलं.

ठसकीनं विचारलं, "दादा, मुंग्या बघितल्या का?"

"बघितल्या."

"मग? झाकू का मी माझ्या?"

भावोजी माझ्याकडे वळले. इतक्या माणसांत माझं मत कुणी विचारण्याची ती पहिली वेळ. "तू लिहून ठेवलंयस ना सगळं? दगड किती वेळा चुकला?"

माझे कान गरम झाले. वही हातातच होती. एका वाक्याचं काम होतं, भावोजी, ती दोरी तुमची नाही. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, त्याची चवसुद्धा आठवते मला, लोखंडासारखी.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

"बघा, कागदावर आहे," मुकादम म्हणाला.

भावोजी उठले. "नको झाकू," ते ठसकीला म्हणाले. "वाळू देत."

तिनं ताडपत्री कुडाला टेकवून ठेवली.

पाऊस दुपारी आला, आणि असा आला की झोपडीतून रांगेपर्यंत पळत जायलाही वेळ मिळाला नाही. जे मिळेल ते घेऊन सगळे धावले, गोणपाट, चटया, अंगावरची वस्त्रं. वीट भिजते तेव्हा आधी तिचे कोपरे जातात. मग ती खाली बसते, दमलेला माणूस बसतो तशी. मी ताईबरोबर एक चटई धरून उभा होतो आणि आमच्या पायांशी विटा बसत चालल्या होत्या. एका विटेवर खिळ्यानं काढलेला 'ख' होता, तो भरत गेला आणि दिसेनासा झाला. पलीकडे ठसकी ताडपत्री ओढत होती. तिच्या रांगा चार, हात दोन आणि ताडपत्री एक. शेवटी ती ताडपत्री तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि चिखलात मांडी घालून बसली.

रान पुन्हा सपाट झालं, जणू तिथं कधी कुणी काम केलंच नव्हतं.

संध्याकाळी सगळे भिजून छपरात जमले. भावोजी दगडाकडे पाठ करून बसले होते. हाताच्या अंतरावर दगड होता, वळून पान सारलं असतं तर सगळं उघड झालं असतं. ते वळले नाहीत. पुढचे तीन दिवस ते छपरात आलेही नाहीत.

बाजाराच्या दिवशी ताईच्या गुडघ्याला औषध आणतो म्हणून मी गेलो. तागाची दोरी आणली. तिला चिखल चोळला, काजळी चोळली. दुसऱ्या खेपेला हात सराईत होता, पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात झालं. नायलॉनची दोरी धुऊन पुन्हा गठ्ठ्याला बांधली. औषध आणायचं विसरलो.

बाजारानंतर तिसऱ्या दिवशी भावोजी छपरात आले. हवा अजून दमट होती. त्यांनी पान सारलं आणि ते आरपार गेलं. त्यांनी पुन्हा सारलं. मग पान खाली ठेवलं आणि स्वतःचा उजवा हात उताणा करून ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मी दारातून पाहिलं आणि आल्या पावली मागं फिरलो.

ठसकी त्याच आठवड्यात गेली. साचा, अंथरूण आणि एक पातेलं, एवढं डोक्यावर. निघताना ती भावोजींपुढं उभी राहिली. तिच्या तोंडून काहीतरी झणझणीत येईल, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

"दादा, तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, एवढं मला कळतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "येते रे, कागदा. छातीला जप."

मुकादमानं रेडिओ आणून छपरात ठेवला. झाकायचं की नाही ते आता रेडिओ ठरवायचा, आणि तो चुकला तर कुणी त्याला काही म्हणायचं नाही. बाया कपडे पिळताना एकमेकींना मोठ्यानं म्हणायच्या, "अगं, त्यांना विचार की आधी, वाळत घालू का?" भावोजी साचा आपटत राहायचे. संध्याकाळी ते शिकायला मात्र येत. पूर्वीपेक्षा मन लावून शिकत. कशासाठी, हे मला त्यांचं पोस्टकार्ड आल्यावर कळलं.

पोस्टकार्ड मी पुस्तकात ठेवलं. पुस्तक बदललं की पोस्टकार्डही नव्या पुस्तकात जायचं. उत्तर लिहायला मी किती वेळा बसलो ते सांगण्यात अर्थ नाही. एकदा तागाच्या धाग्यात ओल शिरल्यावर पीळ कसा घट्ट होतो, यावर तीन पानं लिहिली आणि त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. ती फाडली. पुढं मला दुसऱ्या ग्रंथालयात नोकरी लागली, छाती बरी झाली, लग्न मात्र राहून गेलं. ताईकडे जाणं मी टाळत गेलो. ती वारली तेव्हा गेलो. भावोजी माणसांत बसलेले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि पत्राचं काही विचारलं नाही. मी पहिल्या गाडीनं परतलो.

गेल्या महिन्यात भाची आली. ताईची मुलगी, त्या पावसाच्या वेळी जन्मलीही नव्हती. माझ्या खोलीतली पुस्तकं बघून म्हणाली, "मामा, यांच्यावरची धूळ झटकायलाच एक माणूस लागेल." मग पंख्याखाली बसून घरची हकिकत सांगायला लागली. भावोजी आता ऐंशीच्या पुढं गेले आहेत, तिच्याकडेच असतात. कानांनी अजिबात ऐकू येत नाही. काही सांगायचं तर लिहून द्यावं लागतं.

"वाचता येतं म्हणून बरं," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलंत ना त्यांना? सगळ्यांना सांगत असतात."

मी चहाचं आधण ठेवलं.

"आणि त्यांचा तो दगड. ओसरीत टांगलाय. पण स्वतः पान सारत नाहीत हं. रोज सकाळी मला हाक मारतात. तू सार, माझा हात खोटा आहे, म्हणतात. मी स्वयंपाकाच्या घाईत असते, पण उठावं लागतं."

"खोटा म्हणजे?"

"काय माहीत. कुठल्याशा बाईचं त्यांनी नुकसान केलंय म्हणे. मला ऊन हवं होतं म्हणून मी तिला खोटं सांगितलं, असं मध्येच बोलतात. आई असताना तिलाही सांगायचे. आई म्हणायची, अहो, किती वर्षं झाली, सोडा आता."

आधण उकळून उतू गेलं. ती उठून गॅस बंद करून आली. तेव्हासुद्धा मी तिला सांगू शकलो असतो. मी विचारलं, "साखर किती घालू?"

ती गेल्यावर तीन दिवस मी लिहिलं आणि तीन दिवस फाडलं. प्रत्येक मसुद्यात माझी छाती येत होती, माझं वय येत होतं, आतून कुजलेली दोरी येत होती. चौथ्या दिवशी सकाळी कोरा कागद घेतला आणि भावोजींना सहज वाचता यावं म्हणून विटेवर काढायचो तेवढी मोठी अक्षरं काढली.

'भावोजी, तुमच्या पत्राचं उत्तर. तुमचा हात खोटा नाही. दगडही खोटं बोलला नाही. दोरी माझी होती. तुमची दोरी मी तोडली आणि माझ्या पुस्तकांची बांधली. ती ओलीनं आखडत नाही. तुम्ही सर्वांसमोर मला विचारलंत, तेव्हाही मी बोललो नाही. नंतर मीच ती बदलली. त्या बाईंना तुम्ही खोटं सांगितलं नाही, मी सांगितलं. त्या कुठं आहेत हे कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा. सोबत दोरी पाठवत आहे. उद्यापासून पान तुम्ही सारा.'

क्षमा हा शब्द मी दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. ती मागितली की पुन्हा काहीतरी देणं त्यांच्यावर आलं असतं.

नायलॉनची दोरी अजून होती. ती कुजत नाही. गाठींच्या बेचक्यात काळपट काहीतरी राहिलं होतं, काजळी असेल किंवा नुसता जुना मळ. मी ती गुंडाळून पाकिटात घातली.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसानं पाकीट हातात घेऊन दाबून पाहिलं.

"आत काय आहे?"

"दोरी."

"कसली?"

"पुस्तकं बांधायची."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला. "पोच हवी का? त्यांच्या हाती पडलं की त्यांची सही तुमच्याकडे येईल."

भावोजींची सही कशी असेल, ते मला त्या क्षणी दिसलं. त्यांच्या नावात 'ख' आहे.

"नको," मी म्हणालो.

त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. मी खिडकीपाशी तसाच उभा होतो. मागच्या बाईनं "आजोबा, झालं का तुमचं?" म्हणून विचारलं. झालं, असं सांगून मी बाजूला झालो.